पिकअप किती उचलावी: ५० मिलिमीटरची चकती आणि १०० मिलिमीटरचा ठोकळा

वाचकाचे पत्र: माझ्याकडे चार दारांची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग ॲक्सल आणि पाटे. टायर २६५/६५ आर १७ मापाचे. आठवड्यातले पाच दिवस गाडी पक्क्या रस्त्यावर चालते आणि बहुतेक वेळा कुटुंब सोबत असते. उरलेले दोन दिवस ३०० ते ४०० किलो सामान घेऊन दगडगोट्यांच्या वाटेने जावे लागते. त्या वाटेवर मागच्या डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) गोळा दगडांना लागतो आणि पुढे इंजिनाखालचा पत्राही घासतो. एका मित्राने पुढे ५० मिलिमीटर जाडीच्या चकत्या आणि मागे १०० मिलिमीटरचे ठोकळे घालायला सांगितले आहे. त्याच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की चार इंचांपर्यंत काहीही बिघडत नाही. घरच्यांना मात्र धास्ती वाटते. सुरक्षितपणे नेमके किती उचलता येईल?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमची गाडी आणि तिचा वापर पाहता माझे उत्तर असे आहे: पुढे आणि मागे ४० मिलिमीटर, फार तर ५०, आणि तेही चकत्या-ठोकळ्यांनी नव्हे, तर एकमेकांशी जुळणाऱ्या स्प्रिंग, पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या पूर्ण संचाने. मित्राने सुचवलेल्या चकत्या आणि ठोकळे कृपया बसवू नका. घरच्यांची धास्ती रास्त आहे. मात्र केवळ माझ्या शब्दावर तुम्ही हा निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही, म्हणून कारणे सविस्तर सांगतो. मोजमाप करून ती तुम्हाला स्वतःच्या गाडीवर पडताळून पाहता येतील.

प्रथम तुमच्या मूळ तक्रारीकडे वळू. मागच्या डिफरन्शियलचा गोळा दगडांना लागतो, असे तुम्ही लिहिता. सस्पेन्शन कितीही उचलले तरी हा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जाणार नाही. मागचा सलग ॲक्सल चाकांच्या मध्यांना जोडलेला असतो आणि पाटे, ठोकळे, शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) हे सारे त्याच्या वर असते. त्यामुळे उचलली जाते ती चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि तिच्यावरची बॉडी. ॲक्सल होता तिथेच राहतो. तो वर नेण्याचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि टायरच्या व्यासात जितकी वाढ होते तिच्या निम्मीच वाढ ॲक्सलच्या उंचीत होते. तुमच्या सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर आहे. २६५/७० आर १७ घेतला तर तो ८०३ होतो, म्हणजे गोळा १३ मिलिमीटर वर जातो. २८५/७० आर १७ घेतला तर व्यास ८३१ होतो आणि गोळा २७ मिलिमीटर वर जातो, परंतु त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. तिच्याकडे पुढे येतो. चार इंच उचललेल्या गाडीच्या मागे वाकून पाहिले की खाली भरपूर मोकळी जागा दिसते, पण मधोमध लोंबणारा गोळा दगडाला पूर्वीइतकाच लागतो. त्याच्यासाठी जाड पोलादी संरक्षक पट्टी आणि मोठा दगड चाकाखाली घेऊन जाण्याची सवय, हे दोन उपाय सस्पेन्शनच्या खर्चापेक्षा अधिक कामाचे आहेत. पुढचा पत्रा घासतो ही तक्रार मात्र सस्पेन्शन उचलल्याने खरोखरच कमी होते, आणि त्यासाठी ४० ते ५० मिलिमीटर पुरतात.

आता त्या चकतीविषयी. तुमच्या मित्राचा हिशेब असा दिसतो की ५० मिलिमीटरची चकती घातली की गाडी पुढे ५० मिलिमीटर उचलली जाईल. मागच्या ठोकळ्याच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे, कारण ठोकळा थेट ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये बसतो आणि जितका जाड तितकीच उंची देतो. पुढे तसे होत नाही. कॉइल स्प्रिंग आणि शॉक यांचा खांब खालच्या आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या) टोकाला, म्हणजे चाकापाशी टेकलेला नसतो; तो आर्मच्या मधल्या भागात कुठेतरी टेकलेला असतो. बिजागरीजवळ दार बोटभर ढकलले की त्याची मोकळी कड हातभर सरकते, तसेच इथे होते. बहुतेक पिकअपमध्ये खांबाच्या माथ्यावर घातलेल्या चकतीच्या जाडीच्या सुमारे पावणेदोन ते दोन पट उंची चाकापाशी मिळते. म्हणजे ५० मिलिमीटरची चकती पुढचा भाग सुमारे ८७ ते १०० मिलिमीटर उचलते. ज्याला दोन इंच हवे आहेत त्याला ही चकती चार इंचांच्या जवळ नेऊन ठेवते, आणि त्याला हे कळतदेखील नाही. या एका गैरसमजातून बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) आणि ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) लवकर गेलेल्या अनेक गाड्या मी पाहिल्या आहेत.

उंचीची मर्यादा ठरते ती चाकाला खाली लोंबकळण्यासाठी किती जागा उरते यावर, आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना पुढचे चाक मधल्या स्थितीत असते. खड्ड्यात उतरताना ते खाली जाते आणि उंचवट्यावर चढताना वर येते. या दोन्ही हालचालींना कंपनीने ठरावीक वाट दिलेली असते. स्प्रिंग अधिक लांब किंवा अधिक ताठ केली आणि शॉक मूळचाच ठेवला, तर गाडी उंच उभी राहते, पण शॉक आधीच बराच ताणलेला असतो. खड्डा आला की तो पूर्ण उलगडून आतल्या थांब्यावर ‘खट्’ असा आपटतो आणि चाक जमिनीवरून उचलले जाते. खांबाच्या माथ्यावर चकती घातली तर गोष्ट उलटी होते. शॉकची वाट तीच राहते, पण सगळा खांबच लांब झाल्यामुळे चाक पूर्वी जिथे थांबत असे त्याहून खाली जाऊ लागते. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला पोहोचतो, काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो, आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट ज्या कोनासाठी घडवलेलेच नाहीत त्या कोनात फिरू लागतात. एवढ्यावरच हे थांबत नाही. मोठा धक्का बसून चाक पूर्ण वर आले की आर्मने रबरी बंप स्टॉपवर टेकणे अपेक्षित असते. लांब झालेल्या खांबात मात्र त्याआधीच शॉक आतून तळाला जाऊ शकतो. मग तो सारा धक्का शॉकच्या दांड्याने आणि त्याच्या वरच्या पकडीने झेलायचा. चकती स्वस्त असते आणि तासाभरात बसते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पातळ चकती, जी चाकापाशी २० ते २५ मिलिमीटर उंची देते, ती बहुतेक गाड्या सहन करतात. त्यापलीकडे मी ती सुचवत नाही.

ड्राइव्ह शाफ्टचा प्रश्न फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये आणखी नाजूक असतो. पुढच्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट चाक वळवताना मोठा कोन घेण्यासाठीच बनवलेला असतो, परंतु आतला, डिफरन्शियलजवळचा जॉइंट आत-बाहेर सरकण्यासाठी असतो आणि त्याची कोनाची क्षमता बरीच कमी असते. उंची वाढवली की त्यालाच कायम वाकून फिरावे लागते. पहिले लक्षण म्हणजे रबरी बुटाच्या घड्या एकमेकांवर घासून फाटतात आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. तेवढ्यावर लक्ष गेले तर काम बुटावर भागते. नाहीतर धूळ आत जाऊन जॉइंटच निकामी होतो.

स्टिअरिंगवरही परिणाम होतो आणि तो पक्क्या रस्त्यावर, वेगात जाणवतो. चाकाच्या वळण्याचा अक्ष वरच्या टोकाला थोडा मागे कललेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. स्वतंत्र सस्पेन्शन उचलले की आर्मच्या बदललेल्या कोनामुळे बहुतेक रचनांमध्ये कॅस्टर कमी होतो, आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त उचलला तर तो आणखी कमी होतो. गाडी महामार्गावर डावी-उजवी भटकू लागते आणि वळणानंतर स्टिअरिंग हाताने सरळ करावे लागते. ५० मिलिमीटरपर्यंत अनेक गाड्यांमध्ये मूळच्याच ॲडजस्टमेंट बोल्टांनी अलाइनमेंट कंपनीच्या मर्यादेत आणता येते. त्यापुढे कॅस्टर पुरेसा मिळवण्यासाठी वेगळ्या बनावटीचे वरचे आर्म लागतात. म्हणून काम पूर्ण झाल्यावर ‘अलाइनमेंट केली’ एवढ्या तोंडी शब्दावर समाधान मानू नका. छापील अहवाल मागा, त्यात कॅस्टर, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाके पुढे एकमेकांकडे की बाहेर वळलेली आहेत ते) हे तिन्ही आकडे मर्यादेत आहेत का आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या कॅस्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत आहे का, ते पाहा.

मागच्या १०० मिलिमीटरच्या ठोकळ्याला माझा ठाम विरोध आहे. पाटे फक्त वजन पेलत नाहीत. ॲक्सलला जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. गाडीला जोरात वेग देताना किंवा ब्रेक मारताना ॲक्सल स्वतःभोवती पिळला जाऊ पाहतो, आणि त्याच्या व पाट्यांच्या मध्ये जितका उंच ठोकळा, तितकी ही पिळण्याची तरफ मोठी होते. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, चढावर सामान भरलेली गाडी पुढे काढताना मागची चाके थरथरतात, आणि ॲक्सलला पाट्यांशी आवळून धरणाऱ्या यू-बोल्टांवर ताण येतो. शिवाय मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वाकत्या सांध्यांचे) कोन एकमेकांशी एका अंशाच्या आत जुळले पाहिजेत आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या आसपास राहिला तर क्रॉस टिकतात. ठोकळ्यामुळे हे गणित विस्कटते, ते पाचर घालून सावरावे लागते, आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगची पकडही खाली घ्यावी लागते. योग्य कमान असलेले, तुमच्या नेहमीच्या ओझ्यासाठी निवडलेले नवे पाटे घेतले तर ४० ते ५० मिलिमीटरसाठी यांतले बरेच काही टळते. शॅकल लांब करणे हाही एक मार्ग लोक वापरतात. त्यात वाढवलेल्या लांबीच्या निम्मी उंची मिळते, पण पाट्यांच्या टोकाशी बाजूची हालचाल वाढते, म्हणून तोही मला पसंत नाही. एकावर एक ठोकळे रचणे किंवा पुढच्या सलग ॲक्सलवर ठोकळा घालणे तर कोणत्याही गाडीत, कोणत्याही कारणासाठी करू नये.

पुढचा मुद्दा अनेक गॅरेजमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी निघून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी रिकामी असताना मागची चाके हलकी असतात, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब देतो, नाहीतर ती चाके जाम होऊन गाडी फिरेल. सामान भरले की पाटे दबतात, चॅसी ॲक्सलच्या जवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. आता याच गाडीची मागची बाजू १०० मिलिमीटर उचलली आणि दांडीला हात लावला नाही, तर काय होईल याचा विचार करा. व्हॉल्व्हला चॅसी ॲक्सलपासून खूप दूर दिसते. तुमच्या ३००-४०० किलोने पाटे दबले तरी ते अंतर मूळच्या रिकाम्या गाडीपेक्षाही जास्तच राहणार. म्हणजे भरलेली गाडी असताना व्हॉल्व्ह समजतो की ती पूर्ण रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक जेमतेम लागतात.

हे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या पहिल्या पिकअपला मी मागे सुमारे ६० मिलिमीटर उंची देणारे पाटे बसवून घेतले होते. ज्या गॅरेजने काम केले त्यांनी दांडीकडे पाहिले नाही आणि मलाही तेव्हा तिचे कार्य माहीत नव्हते. रिकाम्या गाडीत काहीच फरक जाणवला नाही. काही आठवड्यांनी सामान भरून लांब उतार उतरत असताना पुढच्या चाकांकडून जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. खालच्या गिअरमध्ये गाडी हळूहळू आणून मी कशीबशी कडेला थांबवली. पुढच्या डिस्क तापून निळसर झाल्या होत्या. मागच्या ड्रमला मात्र हात सहज लावता येत होता. सगळे ब्रेकिंग एकट्या पुढच्या चाकांनी केले होते. त्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर आणखी दोघे होते, आणि ते आठवले की आजही मन अस्वस्थ होते. तुमच्या गाडीत अशी दांडी आहे का ते खाली वाकून पाहा. असेल तर जितकी उंची वाढवाल तितकीच दांडीची ॲक्सलवरची पकड वर घ्यावी लागेल, किंवा कंपनीच्या सेवापुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागेल, आणि नंतर गाडी भरलेल्या अवस्थेत ब्रेक तपासणी यंत्रावर मागच्या चाकांचा जोर मोजून घ्यावा लागेल. नव्या अनेक गाड्यांमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि दांडी नसते. तरीही ब्रेकच्या रबरी नळ्या आणि चाकांपाशी जाणाऱ्या एबीएसच्या तारा यांची लांबी तपासावीच लागते.

आता उलटण्याचा धोका, ज्याची घरच्यांना बहुधा सर्वांत जास्त भीती वाटत असावी. यासाठी एक साधे गुणोत्तर आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचे निम्मे, भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून नव्या गाड्यांना उलटण्याच्या धोक्याबद्दल तारे देण्यासाठी याच गुणोत्तराचा आधार घेतला. उदाहरणादाखल चाकांमधले अंतर १६०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर असलेली पिकअप घ्या. गुणोत्तर १.१४ येते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला तर ते १.०७ होते आणि १०० मिलिमीटर गेला तर १.००. चाके आणि ॲक्सल खालीच राहत असल्याने प्रत्यक्षातली घट याहून थोडी कमी असते, पण त्यावर मोठे टायर, छतावरचे कॅरिअर आणि उंच रचलेले सामान आले की ती भरून निघते, किंबहुना ओलांडलीही जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची पकड साधारण ०.८ ते ०.९ असते. गुणोत्तर त्याच्या बरेच वर असेल तर अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी घसरते आणि तुम्हाला सावरण्याची संधी देते. गुणोत्तर पकडीच्या जवळ सरकू लागले की वळणात बॉडीचे झुकणे आणि टायरचे दबणे मिळून उरलेले अंतर खाऊन टाकतात, आणि गाडी घसरण्याऐवजी उलटू शकते. समोर अचानक प्राणी आला, तुम्ही एका बाजूला वळवले आणि लगेच परत आणले, तर गाडीचा पहिला झोका आणि दुसरा झोका एकत्र येतात. उंच गाड्या उलटण्याचा धोका अशा वेळी सर्वांत जास्त असतो. गाडी स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही कंपनीने मूळ उंची, मूळ स्प्रिंग आणि मूळ टायर धरूनच जुळवलेली असते. पाच दिवस कुटुंब घेऊन महामार्गावर चालणाऱ्या गाडीत १०० मिलिमीटर उंचीचा सौदा मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

मोठ्या टायरची जी किंमत मी वर म्हटली, ती अशी. २८५/७० आर १७ टायरचा व्यास तुमच्या टायरपेक्षा सात टक्के मोठा आहे. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १०७ च्या वेगाने धावत असते. गिअरची ताकद त्याच प्रमाणात कमी होते, आणि ब्रेकची पकड तीच असूनही जमिनीवर मिळणारा रोधक जोर सहा-सात टक्क्यांनी घटतो. टायर जड असल्याने त्याला फिरवायला आणि थांबवायला जास्त कष्ट पडतात, आणि वळवताना तो आतल्या प्लॅस्टिकला किंवा चॅसीला घासतो म्हणून लोक चाक बाहेर काढणाऱ्या रिंगा बसवतात, ज्यामुळे व्हील बेअरिंगवर भार वाढतो. २६५/७० हा टायर या सगळ्यात मध्यम मार्ग आहे. त्यात वेगाचा फरक साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी राहतो.

हेडलाइटबद्दल थोडक्यात पण आग्रहाने सांगतो. पुष्कळ लोक गाडी ‘समतल’ दिसावी म्हणून फक्त पुढची बाजू उचलतात. पिकअपची मागची बाजू रिकामेपणी किंचित उंच असते ती सामान भरल्यावर सपाट व्हावी म्हणून. तो दोष नाही. तीन मीटर व्हीलबेस असलेल्या गाडीचा पुढचा भाग एकटाच ५० मिलिमीटर उचलला तर प्रकाशझोत १.७ टक्के वर उठतो, म्हणजे १० मीटरवर १७ सेंटिमीटर. डिपर मुळात १ ते १.५ टक्के एवढाच खाली झुकवलेला असतो. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश जाणार, आणि मागे सामान भरले की आणखीच. तुम्ही पुढे-मागे सारखे उचलले तरी दिव्यांची जुळवणी नव्याने करून घ्या. पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर त्यांचेही कॅलिब्रेशन आवश्यक आहे.

चॅसी आणि बॉडीच्या मध्ये गुटके घालून नुसती बॉडी उचलण्याचा प्रकारही कुणी सुचवील. त्यात सस्पेन्शनचे कोन बदलत नाहीत, पण पुढचा पत्रा आणि गोळा दोन्ही होते तिथेच राहतात, म्हणून तुमच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. सबफ्रेम आणि पुढचे डिफरन्शियल खाली घेणारे चार ते सहा इंचांचे मोठे संच मिळतात आणि ते कोनांचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवतात. गुरुत्वमध्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि डिफरन्शियल व सबफ्रेम खाली आणल्यामुळे मिळालेल्या उंचीचा मोठा भाग पुढच्या पत्र्यापाशी हरवतो. प्रामुख्याने रस्त्याबाहेर, कमी वेगाने चालणाऱ्या गाडीसाठी ते ठीक आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. नेहमीचे सामान आणि माणसे असताना, आणि मग रिकाम्या गाडीत, अशा दोन्ही वेळा सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून थेट वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा बदलली की ते माप बदलते. मग चॅसीखाली मजबूत स्टँड लावून पुढची चाके मोकळी लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. रिकाम्या गाडीच्या मापातला आणि या मापातला फरक म्हणजे तुमच्या पुढच्या चाकाची खाली जाण्याची वाट. उंची वाढवल्यानंतरही त्यातले किमान ५० मिलिमीटर शिल्लक राहिले पाहिजेत, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे आणि तो मी माझ्या गाड्यांसाठी मोडत नाही. फरक ९० आला तर ४० मिलिमीटर उचला, १०० आला तर ५०. तो ८० च भरला तर मूळ शॉकवर ३० च्या पुढे जाऊ नका. त्याहून अधिक हवे असेल तर लांब वाटेचे शॉक आणि त्यांना साजेसे वरचे आर्म एकत्र घ्यावे लागतील.

काम करताना तीन गोष्टी स्वतः उभे राहून पाहा. आर्मच्या आणि पाट्यांच्या डोळ्यातल्या बुशांचे (रबरी अस्तरांचे) बोल्ट चाके हवेत असताना पूर्ण आवळू देऊ नका. बुशचे रबर ज्या स्थितीत आवळले जाते ती त्याची विश्रांतीची स्थिती होते. हवेत आवळले तर गाडी खाली ठेवल्याक्षणी ते पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी चाकांवर उभी करून, नव्या उंचीवरच ते शेवटचे आवळावेत. दुसरे, जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू देऊ नका. ते एकदा ताणले गेले की पूर्वीसारखी पकड देत नाहीत. तिसरे, नवे भाग बसल्यावर चाके लोंबती ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट कुठेही ताणला किंवा घासला जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळून घ्या.

आणि काम सुरू होण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून हा बदल मान्य आहे का, हे लेखी विचारून घ्या. परवानगीच्या मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत आणि काही ठिकाणी एवढ्याही बदलाला मुभा नाही. तिथे नकार आला तर मूळ उंची, चांगली संरक्षक पट्टी, गोळ्यावरचे पोलादी कवच आणि परवानगी असेल तर २६५/७० टायर एवढ्यावरच तुमच्या वाटेचा पुष्कळसा त्रास कमी होईल.

चाकाच्या मध्यापासूनची ती मापे घेतलीत की मला कळवा, आणि मागच्या ॲक्सलपासून निघणारी दांडी आहे की नाही तेही लिहा. मग पाटे कोणत्या ओझ्यासाठीचे घ्यावेत, यावर नेमके सांगता येईल.